छोट्या स्पीकरमध्ये मी नसतो

रियेकाच्या मासळी बाजारात, शनिवारी सकाळी,
ओंदिनाच्या ठेल्यावरच्या रेडिओवर आमचं गाणं लागतं.
रेडिओ मुठीएवढा, जाळीवर खवले चिकटलेले.
त्वर्त्कोचा आवाज येतो.
मरून वीस वर्षं झाली त्याला,
पण आवाज अजून तितकाच खरबरीत, तितकाच उद्धट.
मिलुतिनची गिटार येते. नेवेनची झांज येते.
मी येत नाही.

एवढ्याशा स्पीकरला खर्ज पेलत नाही.
ओंदिना तारल्या तोलते आणि विचारते,
"यात तू कुठे वाजवतोयस, विंको?"
मी म्हणतो, आधी मूठभर जास्त घाल, मग सांगतो.

मी काही बास निवडला नव्हता.
गोदी कामगारांच्या हॉलमध्ये गिटारला तिघं होते,
बासला कुणीच नाही, आणि माझे हात मोठे होते.
वडील वेल्डर. त्यांनी वाद्य हातात घेतलं, तारा मोजल्या,
म्हणाले, "चारच? उरलेल्या दोन परवडल्या नाहीत का?"
नावच बास.
म्हणजे पुरे.
मला पुरलं.

बारा वर्षं झास्तावाच्या गाडीत झोपलो,
अँप्लिफायरला पाठ लावून. थंडीत तो उशिरापर्यंत ऊब धरायचा.
लुब्लियाना, मोस्तार, नोवी साद, स्कोप्ये:
कुठेही पासपोर्ट लागला नाही,
लागली ती फक्त कुणाच्या तरी मावशीकडची ओसरी आणि सूप.
लोक त्वर्त्कोकडे बघायचे. बरोबरच होतं ते.
मी नेवेनच्या पायाकडे बघायचो.
त्याचा पाय आणि माझं बोट एकाच क्षणी पडलं
की पहिल्या रांगेतल्या बियरच्या बाटल्यांना शहारा यायचा,
आणि का आला ते कुणाला कळायचं नाही.
त्याची झांज माझ्या डाव्या कानाजवळ असायची.
त्या कानात आता एकच सूर आहे, तो रात्रीही मिटत नाही.

रेकॉर्डवर, तिसऱ्या कडव्यात, माझा एक स्वर चुकला आहे.
टेप संपत आली होती, पैसेही.
चाळीस वर्षं मी त्या जागेपाशी आलो की खांदे आवळतो.
छोट्या रेडिओचे तेवढे उपकार.

मग एका उन्हाळ्यात आमच्या गाडीच्या वाटेत सीमा उगवल्या.
नेवेन फ्रीमँटलला गेला, तिथे फरशा बसवतो.
मिलुतिन पलीकडे राहिला.
टेलिफोनच्या तारा तुटल्या, जुळल्या,
जुळल्यावरही आम्ही दोघांनी फोन केला नाही.
काय बोलणार होतो? त्याचा भाऊ. माझा मेहुणा.

सहा वर्षांनी रात्री अकराला फोन वाजला.
पलीकडे कुणी बोललं नाही.
कुणीतरी रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज, आणि मग गिटार,
याच गाण्याची सुरुवात,
चार आवर्तनं, आणि जिथे मी यायचो तिथे
ती थांबली.

माझा बास तेव्हा माळ्यावर होता, तारा गंजलेल्या.
मी चड्डीवर उभा, हातात रिसीव्हर,
आणि तोंडानेच वाजवू लागलो, म्हाताऱ्या बेडकासारखा.
बायको दारात येऊन परत गेली.
फोनलाही खर्ज पेलत नाही, मला ठाऊक आहे.
तरी त्याला ऐकू गेलं असणार,
कारण दुसऱ्या कडव्यावर तो अगदी वेळेवर आला.

"अरे, सांग ना," ओंदिना म्हणते.
तिची सुरी तारल्यांची डोकी उडवतेय,
एक, दोन, मध्ये थोडं थांबून, मग लागोपाठ तीन.
त्वर्त्को तसं गात नाहीये.
मिलुतिनही तसं वाजवत नाहीये.
मी बघत राहिलो. तिसऱ्या कडव्यात
ती एकदा चुकली, किंचित,
नेमकी तिथेच.

मी काही बोललो नाही.
सुरी चालू असताना
माणसाचं लक्ष वेधू नये.