सात की एक

चिलोएजवळच्या आमच्या बेटावर
हिवाळ्यातल्या शनिवारी सामान्यज्ञानाची स्पर्धा असते.
बक्षीस: अर्धं पोतं जांभळे बटाटे.
प्रश्न मी काढतो. शाळामास्तर ना मी.

त्या रात्री शेवटचा प्रश्न सोपा ठेवला होता:
आपल्या चर्चची मोठी घंटा कोणत्या साली ओतली?
चारही टेबलांनी लिहिलं, अठराशे एकसष्ट.
माझ्या कागदावरही तेच.
स्टोव्हवर किटली उकळत होती,
टाळ्या पडायच्या बेतात होत्या,
तेवढ्यात मागच्या बाकावरून
एर्मेलिंडा चेउकेमान म्हणाली,
"सदुसष्ट."

तेरा फोन एकदम उजळले.
पर्यटनाचं पान म्हणालं एकसष्ट,
घंटांची कुठलीशी यादी म्हणाली एकसष्ट,
आणि फोनमधली ती गोड बाई,
जिला आमच्या बेटाचं नावही धड उच्चारता येत नाही,
ठाम आवाजात म्हणाली, एकसष्ट.
"इतके सगळे खोटे कसे बोलतील?" कुणीतरी म्हणालं.
एर्मेलिंडा हातातला मोजा विणत राहिली.
"चाळीस वर्षं ईस्टरआधी मीच पुसते तिला,
राखेने, मग व्हिनेगरने.
या बोटांना विचारा."

हसले लोक. मीही.

यास्ना बार्रिया मात्र हसली नाही. वय वर्षं चौदा.
ती खाली मान घालून पानामागून पान उलटी चालत गेली:
हे त्यावरून, ते तिसऱ्यावरून,
एकाची री दुसऱ्याने ओढलेली,
दुसऱ्याची तिसऱ्याने,
आणि सगळ्यांच्या मुळाशी एकच ओळ:
माहिती, स्थानिक शिक्षक.

किटली उतरवायलाही कुणी उठेना.

बारा वर्षांपूर्वी
उसन्या कॅमेऱ्याने, अंगणातूनच,
धुकं उतरण्याआधी घाईघाईत
मीच काढला होता तो फोटो.
शेवटचा आकडा जेमतेम दिसत होता.
वर जायचा कंटाळा आला,
म्हणून डोळे बारीक करून मी एक टंकला.

हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणतात,
आम्ही तेरा आरसे घेऊन बसलो होतो
आणि काकण जिन्यावर, बेचाळीस पायऱ्या वर.

बॅटरी, वहीचं पान आणि चुलीतला कोळसा घेऊन
चढलो तिघं. घंटेला समुद्राचा वास होता.
कागद धरला, कोळसा फिरवला,
एक, आठ, सहा उमटले,
मग एक खांब,
आणि त्याच्या माथ्यावर पुसटशी आडवी रेघ,
म्हातारीच्या भुवईइतकी विरळ.
"बघ!" मी म्हणालो.
"ओरखडाही असू शकतो," यास्ना म्हणाली.

सोमवारी बोटीने कास्त्रोला गेलो.
जुन्या चोपड्यात ओल्या तंबाखूच्या रंगाची एक ओळ सापडली:
जानेवारी १८६८, नवी घंटा गलबतावरून उतरवली,
मजुरांना भात आणि मद्य दिलं.
एकसष्टची असती तर नवी कसली?
तरी आकडा लिहिलेला नव्हताच.

घरी येऊन मी आधीची ओळ खोडली,
लिहिलं: बहुधा १८६७.
खाली कोळशाचा ठसा, चोपड्याचं पान
आणि एर्मेलिंडाचं नाव.
जुनी चूकही तशीच ठेवली, तारखेसकट,
चुकणाऱ्याच्या सहीसकट.

एकसष्ट अजून जगभर हिंडतंय.
माझंच पोर ते.
घरी ये म्हटलं की कान बंद करतं.

पुढच्या शनिवारी बटाट्यांचं पोतं
एर्मेलिंडाच्या पायाशी नेऊन ठेवलं.
तिने आत डोकावून पाहिलं,
एक बटाटा उचलला, कोंब तपासला.
"बहुधाला अर्धं पोतं?
पाव द्या," म्हणाली,
"उरलेले त्या पोरीला.
ओरखड्याची शंका तिनेच काढली."