काळजाचं पाणी

काळीज कुठं असतं, असं शाळेत कुणी विचारलं असतं
तर मी डाव्या छातीवर हात ठेवला असता.
खाटकानं बरोबर जागा दाखवली असती.
आता माझ्यासमोर टिपकागदावर आहे ते,
तिलापीचं, नखाएवढं, फिकट विटकरी,
आणि त्यात साठवणीची साखर,
फडक्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवलेला
गुळाचा रवा जसा,
अडीअडचणीला.

शेजारी, पित्ताच्या पिशवीला लागून,
मोहरीएवढा पांढरट दाणा.
इन्सुलिन तिथून निघतं नि म्हणतं, ठेव.
रक्तातून आलेली साखर आत घे,
कडीला कडी अडकव.
ग्लुकागॉनही त्याच दाण्यातून निघतं,
म्हणतं, काढ.
एवढ्याशा दाण्याला
दोन्ही शब्द येतात.

हे सगळं मला पाठ होतं.
तरी दोन महिने माझे आकडे खोटं बोलत होते.
ज्या टाकीतल्या माशांना काहीच टोचलं नव्हतं,
ज्यांच्याशी बाकीच्यांची तुलना करायची,
त्यांचीच काळजं रिकामी.
पोटॅशमध्ये उकळून, वरून अल्कोहोल ओतून
पांढरी तार खाली बसायची वाट बघायची,
तर बसायची ती धुक्याएवढी.
अँथ्रोन घातला की नळी हिरवी व्हायला हवी.
माझी व्हायची ताकात पुदिना चुकून पडल्यासारखी.
कुंभार मॅडम चष्म्यावरून बघायच्या:
पुन्हा कर.

मंगळवारी हिंदुराव भोई दारात उभे राहिले.
आमचे लॅब अटेंडंट, निवृत्तीला तीन वर्षं,
घर पंचगंगेच्या काठाला,
चालायच्या आधी जाळं धरलेले.
मी जाळी घेऊन टाकीभर मासा हाकत होते.
"किती पळवालीस त्येला?" म्हणाले.
"धा मिनिटं झाली.
काळजाचं पाणी झालंय की त्याच्या."

मी जाळी धरून तशीच उभी.
राजाराम तलावावरून वारा येत होता,
खिडकी आपटत होती.

पाणीच की.
भीती वाटली, अ‍ॅड्रेनॅलिन सुटलं,
काळजातल्या कड्या पटापट निखळल्या,
साखर विरघळली, रक्तात उतरली,
शेपटीकडं धावली: पळ, पळ.
आणि मी त्याच क्षणी कात्री लावून
रिकामी ट्रंक उघडत होते
दोन महिने.
आजी-पणजीपासून बोलत आलो आपण हे,
वही-पेन न घेता.

हिंदुरावांनी दिवे घालवले.
कोपरापर्यंत हात पाण्यात घालून
ते नुसते उभे राहिले,
हाताला पाण्याची गारवी येईपर्यंत.
जावयाच्या ट्रॅक्टरबद्दल काहीतरी सांगत होते, हळू आवाजात.
मग मासा तळव्यावर होता. कधी आला, दिसलं नाही.
लवंगेच्या तेलाच्या पाण्यात सोडला,
कल्ले सावकाश झाले, आडवा झाला.
त्या दिवशी नळी
चुड्यासारखी हिरवीगार.

चौथी टाकी मात्र त्यांना आवडत नाही.
तिच्यात बारा दिवस गर्दीत ठेवलेले मासे आहेत.
तिथं घाबरणं दचकण्यासारखं नसतं,
मुरलेलं असतं.
कॉर्टिसॉल दिवसेंदिवस झिरपत राहतं,
गूळ संपला की अंगातलं मांस मोडून
त्याची साखर करायला लावतं.
"पुरात आमी शाळंत व्हतो," हिंदुराव म्हणाले,
"एका वर्गात चाळीस माणसं.
भाकरी मिळत व्हती वेळंवर.
तरी पँट ढिली झाली."
आणि चौथ्या टाकीवर झाकण ठेवून
बादल्या धुवायला गेले.

प्रबंधात पद्धतीच्या प्रकरणात
एक ओळ आहे, पान एकेचाळीस:
मासे शांत अवस्थेत पकडण्यात आले.
कुणी, ते लिहायची रीत नाही.
मारण्याआधी भिऊ दिलं नाही,
हे लिहायला तर
कॉलमच नाही.