समोरची फट

खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी हनुवटी उचलली,
जराशी डावीकडे वळवली, आणि थांबल्या.
दिवा मला हलवावाच लागला नाही.
स्नेहलतागंजात तीस वर्षं दवाखाना चालवतोय,
उजेडाकडे आपणहून जाणारं तोंड
पहिल्यांदा पाहिलं.

केसपेपरवर लिहिलं: प्रमोदिनी मुळ्ये, एकोणऐंशी,
निवृत्त, वीज मंडळ, बिलांची खिडकी.
त्याआधी? मी सहज विचारलं.
"त्याआधी बेबी झुंबर.
खरं नाव पोस्टरवर मावेना."

गालात कापूस, तरी बोलत राहिल्या.
वडील माळवा मिलमध्ये हिशेबनीस,
नोकरी सोडून पोरीला मुंबईला घेऊन गेले.
साडेसात वर्षांची. कागदावर सहा.
नायकाने कडेवर घ्यायचं, तिने त्याचे डोळे पुसायचे,
नऊ सिनेमांत एवढंच काम.
तिसऱ्यात, गाण्याच्या मधोमध,
समोरचा दात हलायला लागला.

"इतर पोरं जिभेने ढकलतात, डॉक्टर.
मला जीभ लावायची बंदी."

तरी पडला. पेरूत.
अर्ध्या गाण्यात दात, अर्ध्यात भोक, कसं चालेल?
मेकअपवाल्या दादांनी मेणाचा केला.
हसायचं, चावायचं नाही.
सगळं युनिट पंगतीला बसलं की तिच्यापुढे दूधभात.
दिव्यांखाली मेण मऊ पडायचं,
कट म्हटलं की बोट आधी दाताकडे जायचं,
मग वडील कुठे उभे आहेत ते बघायचं.

मेणाच्या मागे खरा दात येत राहिला,
वाट मिळेना म्हणून थोडा वाकडा.
तोवर ती वाढली. नायकाची पाठ धरली.
दहावा सिनेमा दुसऱ्या एका बेबीला गेला
आणि रतलामला गाडी बदलून बापलेक परत आले.
मिलने वडिलांना पुन्हा घेतलं नाही.
शाळेत मुली म्हणायच्या, रडून दाखव ना.
"एकदा दाखवलं. शिसपेन्सिलीसाठी."

तो वाकडा दात मीच काढला, मागल्या महिन्यात.
सगळ्यात शेवटचा तोच होता.

आज कवळीची ट्रायल.
ट्रायल आम्ही मेणात करतो, हे सांगितलं
तेव्हा त्या इतक्या हसल्या की मला थांबावं लागलं.
आरसा दिला. दात सरळ, पांढरे, ओळीत.
बराच वेळ बघत होत्या.
"समोरचा एक काढा."
बरं दिसणार नाही, मी म्हटलं.
"पक्क्या कवळीत बसवा हवं तर. आत्ता काढा."

सुरी तापवली. दात अलगद निघाला.
त्यांनी फटीत जीभ घातली,
इकडून, तिकडून, घाई नव्हती,
मग ओठ आवळून हवा सोडली:
बारीक, चिरकी शीळ.

चहा घेऊन आलेला मुकेश दारातच म्हणाला,
"अरे वा अम्मा! एक बार और!"

त्या ताठ झाल्या.
हनुवटी अर्धी वर गेली,
मग त्यांनी ती खाली आणली,
दिव्याखालून बाजूला सरकल्या,
आणि भिंतीकडे तोंड करून
वाजवली.