बॅटरी

आमच्याकडे बॅटरी म्हणजे
तीन सेलची, पत्र्याची, उशाशी ठेवायची,
मागून थापट मारली की पेटणारी.
ती घेऊन हे निघायचे रात्री बारा दहाला.
आठवड्यातले चार दिवस रात्रीची लाइट,
तीन दिवस दिवसाची,
आणि दिवसाची असली की हमखास गेलेली.

आधी बूट आपटायचे, विंचवासाठी.
मग काठी, मफलर, तंबाखूची पुडी.
मी कडी लावून पडायचे आणि मोजायचे:
आता नाला, आता रामसिंगदादाचं खळं,
आता अनेरचा काठ, आता मोटर.
मोटर घरापर्यंत ऐकू येत नाही.
मला यायची.
एकोणीस वर्षांतल्या अर्ध्या रात्री
मी अशा पाण्याला दिल्या.

मग प्लेटा आल्या. बांधाला चार रांगा,
पंगतीला बसल्यासारख्या, ऊन वाढा म्हणत.
पाणी दिवसा आलं खरं,
पण वैशाखातल्या दुपारचं,
काळ्या नळीतून, चहा टाकावा इतकं कढत.
केळीनं ते घेतलं नाही. पानं कडेनं करपली.
हे म्हणाले, भूक पहाटे आणि ताट बाराला,
हे काय जेवण झालं?

तेव्हा ती पेटी आली,
चोपड्याहून टेम्पोत, खाली गोणपाट.
चौघांनी उतरवली. फिटर पोरगा, रोशन पावरा,
घाम पुसत म्हणाला, मावशी, हीच बॅटरी.
मी म्हटलं, उशाशी कशी घेऊ रे?

दिवसभर तिच्यात ऊन उतरतं.
आवाज नाही, वास नाही,
हात लावला तर कोमट,
विरजण लावलेल्या भांड्यासारखी.
सूर्य शिरपूरकडे कधीच बुडाला होता,
यांनी खटका दाबला,
आणि ठिबकच्या तोंडाशी एक थेंब फुगला, पडला.
दुपार थेंबाथेंबानं मातीत चालली होती, गार होऊन.

त्याच रात्री बारा दहाला हे उठून बसले.
बूट आपटले.
कुठं?
बघून येतो.
काय?
त्यांना सांगता येईना.
मग मीही निघाले.
नाला मी मोजायचे त्यापेक्षा जवळ होता,
खळं फार लांब.
शेतात सगळं गप्प, पेटीवर एक हिरवा ठिपका,
आणि पलीकडच्या अंधारातून धनराजची हाक,
रोजची, सवयीची:
"आप्पा, लाइट उनी का?"
हे थबकले.
"आमनी गयीच नही," म्हणाले,
पण इतकं हळू की मलाच ऐकू आलं,
काहीतरी चुकल्यासारखं.
धनराज हाका मारत राहिला.

ज्येष्ठात त्याच्याकडची डीपी जळाली.
नऊ दिवस झाले. टिश्यूची रोपं, वीतभर,
मान टाकू लागलेली.
तो बांधावर येऊन उभा राहिला, काही बोलला नाही.
आभाळ दोन दिवस भरलेलं, पाऊस नाही,
पेटीवर आकडा अडतीस,
आमच्या चार व्हॉल्व्हना पुरेल न पुरेल एवढा.
हे आकड्याकडेच बघत राहिले.
मी म्हटलं, विरजण मागायला आलेल्याला
कोणी वाटी मोजून दाखवतं का?
मग नळी ओढली दोघांनी बांधावरून.
आमची शेवटची ओळ त्या रात्री कोरडी राहिली.
सकाळी हे त्या बाजूनं गेलेच नाहीत.

चौथ्या दिवशी धनराजची आई आली,
डब्यात खापरावरचे दोन मांडे, अजून ऊन ऊन.
ओट्यावर टेकली, गुडघे चोळत म्हणाली,
"तुमनं ऊन कसं वापस करू वं माय?"
मी हसले, मांडा मोडला, तिलाही अर्धा दिला.
डीपीचं विचारलं. अजून नव्हती आली.

आता बारा दहाला जाग मला येते.
हे घोरत असतात.
जुनी बॅटरी अजून उशाशी आहे,
दोन थापटांनी पेटते, पिवळट.
मी ती यांच्या पायांवर मारते.
भेगांमध्ये चिखल नाही.
लगेच विझवते.
सेल जपून वापरायचे असतात.