ताळा

ईसाफ्योर्दुरच्या औषधांच्या दुकानात
कुणी नाव सांगत बसत नाही.
गुद्रून नावाच्याच गावात चौदा बायका.
लोक काउंटरवर हात टेकतात
आणि मोठ्याने म्हणू लागतात:
दिवस, महिना, वर्ष, मग दोन फुटकळ आकडे,
एक ताळ्याचा, शेवटी शतक.
दहा अंकांची केनीताला.
रांगेतल्या सगळ्यांना सगळ्यांचं वय ठाऊक.

मी ग्दान्स्कची. माझ्या जुन्या नंबरात
वर्ष आधी येई, इथे दिवस आधी.
तोच जन्म, उलटा घातलेल्या स्वेटरसारखा.
इथला मिळेपर्यंत सहा आठवडे
ना बँक, ना फोन, ना पगार.
मासे कापत होते रोज दहा तास,
आणि नव्हतेच.

एविंदुर महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी येतो.
बोटीवर इंजिन सांभाळायचा, ऐकू कमी येतं,
म्हणून ओरडून, एका दमात दोन नंबर:
आधी स्वावाचा, चौदा अकरा अडतीस आणि पुढचे चार,
मग स्वतःचा.
दोन पिशव्या. तिच्या गोळ्या, त्याचं गुडघ्याचं मलम.

फेब्रुवारीत घाटरस्ता बर्फाने बंद होता
तेव्हा स्वावा गेली.

मार्चमध्ये तो आला, टोपी न काढता,
आणि सुरू झाला: चौदा, अकरा, अडतीस...
माझी बोटं सवयीने चालली.
पडद्यावर नाव आलं, पत्ता आला,
नावापुढे एक छोटी करडी फुली.
ताळा मात्र जमला होता.
यंत्राने कसलीच चूक दाखवली नाही.

मी मान वर केली.
मागे बेर्गल्योत उभी, कडेवर नातू, त्याचं नाक वाहतंय.
"माहीत आहे गं मला," एविंदुर म्हणाला, ओरडूनच.
"पण तिचा म्हटल्याशिवाय माझा येत नाही.
पाढा कसा मधूनच धरता येत नाही, तसं."
बेर्गल्योतने नातवाचं नाक पुसलं,
जरा जास्तच वेळ.

आता गुरुवारी तो आला की
मी कीबोर्डावरून हात उचलते,
पहिले दहा अंक नुसते ऐकून घेते.
तो श्वास घेतो.
मग टाइप करते.

काल रात्री भांडी घासताना
आईचा नंबर म्हणून पाहिला, पोलिशमध्ये.
अकरा अंक असतात आमचे.
वाढदिवसाचे सहा आले.
पुढचे पाच कुठल्यातरी कागदावर असतील,
ग्दान्स्कला, बहिणीच्या कपाटात.