नकाशात अजून न आलेला रस्ता

ताइस्तो आजोबांचं लायसन्स गेलं नोव्हेंबरात.
डोळे.
डॉक्टरीणबाई हळू आवाजात बोलल्या,
आजोबा त्याहून हळू: म्हणजे काहीच नाही.
तेव्हापासून ते माझ्या खोलीत ट्रक चालवतात,
नाक स्क्रीनला जवळजवळ टेकवून,
चाळीस टन लाकूड, थेट हॅम्बुर्गपर्यंत.

रात्री दोनला, रिकाम्या चौकात
लाल दिव्यापाशी थांबतात.
‘कुणी नाहीये,’ मी म्हणतो.
‘दिवा आहे ना.’

मी वाट बघतोय एका ड्रॅगनची,
तीनदा पुढे ढकलला, आता म्हणे ऑक्टोबर.
दीड मिनिटाच्या ट्रेलरमधले त्याचे खवले
मी आणि वेइक्कोने मोजून ठेवलेत,
दोघांचा आकडा जुळत नाही.
आजोबांना हवाय उत्तरेचा नकाशा.
पुढच्या अपडेटमध्ये आमचं केमियार्वी येणार,
येणार येणार म्हणून दोन हिवाळे गेले.
त्यांनी कंपनीला पत्र टाकलं. कागदावर, तिकीट चिकटवून:
‘कारखान्यानंतरचं तिसरं वळण फसवं आहे.
डावीकडे बर्चचं झाड. विसरू नका.’

उत्तर नाही.
खरा रस्ता आमच्या फाटकाबाहेर, पाच पावलांवर,
दुपारी तीनलाच मिट्ट काळोखात.
बर्फ उपसणारी गाडी जाते, तिचे दिवे
स्क्रीनवर पसरतात, हॅम्बुर्ग पुसलं जातं.
आजोबा स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलतात,
ड्रायव्हर ड्रायव्हरला करतो तसं,
मग पडदा ओढून घेतात.

‘ते झाड तोडलं की हो केव्हाच,’
लेम्पी आजी कॉफी ठेवता ठेवता म्हणते.

आजोबा इंडिकेटर देतात. डावा.
‘इथलं तोडलं.’