निळं टिन

वावधन अर्ध्या तासाचं.
पुढचे नऊ दिवस अंगणवाडीच्या आहाराच्या वहीत आहेत,
गावात दुसरी कोरडी वही उरली नव्हती.

शाळेच्या दोनच खोल्या स्लॅबच्या.
एकीत म्हातारी माणसं, दिवस भरलेली रंजू कुळमेथे
आणि गेडामांचा पाय मोडलेला पोरगा.
दुसरीत बाकीच्या बाया. पुरुष व्हरांड्यात.
पहिल्या रात्री कोणी कोणाच्या शेजारी झोपायचं
यावर जे झालं, ते मी लिहिलं नाही.
दुसऱ्या रात्री पाऊस आला,
सगळे आपोआप सरकले.

तहसीलातून फोन : कुटुंबं किती?
सत्तेचाळीस.
तासाभरानं दुसरे साहेब : कुटुंबं किती?
सत्तेचाळीसच, साहेब.
ताडपत्र्या आल्या तीस.
सतरा घरांना सांगायला मलाच जावं लागलं.

आणि गावभर टिनं.
बोडीत, धुऱ्यावर, एक तर मोहाच्या शेंड्याला
जानव्यासारखं अडकलेलं.
म्हटलं, सगळी शाळेपुढं आणा, ओळखा, घेऊन जा.
पत्रूजी वाढई बोटांनी ओळखायचे :
"हे माझं. इथं डांबर लावलं होतं."
वच्छलाबाई भोकावरून :
"यातून ऊन बरोबर बारा वाजता चुलीवर पडे."
खडूनं नाव, वहीत आकडा.
भांडण एकच. दोन भाऊ, एक टिन,
आणि दोघांचीही खूण खरी,
वाटणीच्या आधीची.

एक उरलं. निळं, नवंकोरं, कोणाचंच नाही.
शाळेमागं चार बांबू रोवून
ते रंजूच्या न्हाणीवर टाकलं.
तिसऱ्या रात्री ती मोकळी झाली होती.
तहसीलाला मीच फोन केला :
माणसं एकानं वाढली.

सहाव्या दिवशी नदीपलीकडून सायकलवर एक जण आला.
"निळं टिन. इकडंच उडालं, डोळ्यानं पाहिलं."
मी त्याला मागं नेलं.
आतून पाणी ओतल्याचा आवाज,
आणि ते एवढंसं, चिडकं रडणं.
त्यानं लगेच पाठ फिरवली.
"घरी कोण?" मी विचारलं.
"माय. बंडीखाली निजते."
यावर मला काही बोलता आलं नाही.

चहा घेतला त्यानं, बशीत ओतून, सावकाश.
मग म्हणाला, "तीन दिवस राहू द्या. पण लिहून द्या."
दिलं लिहून : निळं टिन, नग एक, दहा फुटी, उसनं.
खाली शिक्का.
ताडपत्री तर एकही नव्हती.
कपाटात गॅदरिंगचा पडदा होता,
लाल, चंदेरी किनारीचा, जाडजूड.
तो त्याच्या कॅरिअरला बांधला.
"हेही लिहा," तो म्हणाला.

नवव्या दिवसाची नोंद :
टिन परत केलं, खिळ्यांसकट.
पडदा यायचा आहे.
माय देत नाही म्हणे.